लुगड्याची कडता

जुन्या जालन्यात, मस्तगडाच्या अलीकडे धान्याच्या दुकानांचा एक बोळ आहे. त्या बोळात गिरिजाबाईंचं वजन ही खासगी गोष्ट कधीच नव्हती. ते उतरलं की बोळाला कळायचं, आणि चढलं की जरा आधीच कळायचं. कारण गिरिजाबाईंचा घरातल्या काट्यावर विश्वास नव्हता. मुलाने, आदिनाथने, हौसेने आणलेला काचेचा काटा त्यांनी पलंगाखाली सरकवून दिला होता. त्या वजन करायच्या खाली, नवऱ्याच्या दुकानात, सोयाबीनची पोती ज्या काट्यावर चढतात त्याच काट्यावर. तेही भर दिवसा, गिऱ्हाइकांच्या देखत.

"बघा," म्हणत त्या चढायच्या. मच्छिंद्रराव चष्मा नाकावर ओढून आकडा वाचायचे. आकडा कानावर पडला रे पडला की गिरिजाबाईंचं ठरलेलं वाक्य यायचं, "लुगड्याची कडता धरा."

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल मोजताना बारदानाचं, ओलीचं, काडीकचऱ्याचं म्हणून जे वजन कापतात, त्याला कडता म्हणतात. गिरिजाबाईंनी हा रिवाज आधी लुगड्याला लावला, मग पाटल्यांना, मग नुकत्याच प्यायलेल्या चहाला, आणि एका वर्षी तर डोक्याला चोपडलेल्या तेलालाही. मच्छिंद्ररावांनी कडतेवरून जन्मभर अख्ख्या तालुक्याशी हुज्जत घातली, पण बायकोशी कधी घातली नाही. "धरली," एवढंच म्हणून ते पुढच्या पोत्याकडे वळायचे.

साठी ओलांडली तरी गिरिजाबाईंचं हे असंच चालू होतं. पाडवा झाला की त्या उतरायला लागायच्या. उतरणं हा त्यांचाच शब्द. एका वर्षी गरम पाण्यात मध-लिंबू. एका वर्षी नुसतं ताक आणि काकडी. एका वर्षी दिवसातून दोनदाच जेवायचं ठरलं, तेव्हा त्या दोन जेवणांत त्यांनी चार जेवणं बसवून दाखवली. अलीकडे मोबाईलवर बायकांचा एक ग्रुप निघाला होता. डब्यातली चॉकलेटी पावडर पाण्यात घुसळायची, ग्लास हातात धरून फोटो टाकायचा आणि कमी झालेले किलो जाहीर करायचे. श्रावण येईपर्यंत चांगले दहा-बारा किलो जायचे. गाल बसायचे, बांगड्या कोपराकडे धावायच्या आणि जीभ तिखट व्हायची. त्या दिवसांत घरातली माणसं त्यांच्या वाऱ्याला उभी राहत नसत.

मग महालक्ष्म्या यायच्या. इकडे भादव्यात महालक्ष्म्या उभ्या करतात त्या पत्र्याच्या कोठ्यांवर. कोठीच्या पोटात गहू-तांदूळ भरायचे, लाडू-करंज्या भरायच्या, वरून भरजरी लुगडं नेसवायचं आणि पितळी मुखवटा बसवायचा. तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं की पोट रिकामं करून कोठ्या माळ्यावर. गिरिजाबाईंचं नेमकं उलटं होतं. कोठ्या रिकाम्या व्हायला लागल्या की त्या भरायला लागायच्या. लाडू उरलेत, टाकवतात का? पुरण उरलंय, नासवायचं का? पुढे दसरा, पुढे दिवाळी, पुढे हुरडा. संक्रांतीपर्यंत गेलेले सगळे किलो घरी परतायचे, आणि येताना एखादा पाहुणा सोबत आणायचे.

या चढ-उतारात त्यांची एक जोडीदारीण होती, मागच्या बोळातल्या कांताबाई. वयाने थोड्या मोठ्या, जिद्दीने तेवढ्याच. दोघी एकाच दिवशी पावडर सुरू करायच्या आणि एकीमागून एक काट्यावर चढायच्या. कांताबाईही लुगड्याची कडता मागायच्या. मच्छिंद्रराव त्यांनाही द्यायचे, पण हात जरा आखडून, कारण वर घरी बायकोच्याच हातचं जेवायचं होतं.

आणि समोरच्या घरात शिलाई मशीन घेऊन बसायच्या कमरबी. गिरिजाबाईंचे ब्लाऊज पहिल्यापासून त्यांच्याकडे. पुढे कधी उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. इतरांच्या ब्लाऊजला बोटभर माया पुरते. गिरिजाबाईंच्या ब्लाऊजला कमरबी दोन्हीकडे चांगली चार-चार बोटं ठेवायच्या, आणि त्या मायेवर जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा असायच्या.

"गिरिजा, तुझ्या एका ब्लाऊजात दोन बायांचं कापड जातंय," कमरबी टीप उसवता उसवता म्हणायच्या. "एक उतरलेली, एक चढलेली. मला एकदा सांगून टाक, शिवून कुणासाठी राह्यले मी?"

"उतरलेलीसाठी."

"ती तर वर्षातून दोन महिने येती पाहुणी म्हणून. बाकी दहा महिने तिचे कपडे पेटीत."

गिरिजाबाई यावर रुसायच्या, आणि तासाभरात लोणच्याची वाटी घेऊन परत यायच्या.

मागच्या वर्षी मात्र त्या जशा उतरल्या तशा कधीच उतरल्या नव्हत्या. श्रावणात काट्याने असा आकडा दाखवला की मच्छिंद्ररावांनी काट्याला दोनदा थाप मारून पाहिली. कांताबाईंचा चेहरा पडला. गिरिजाबाईंनी त्या दिवशी कडताही मागितली नाही, इतक्या त्या उदार झाल्या होत्या.

आणि त्याच आठवड्यात, सकाळी न्हाणीघरात, त्यांना परकरावर डाग दिसला. रक्ताचा.

पाळी जाऊन त्यांना दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. दुसरी कुणी असती तर घाबरली असती. गिरिजाबाई खूश झाल्या. उतरलं म्हणजे काय नुसतं अंग उतरलं का? वयसुद्धा उतरलं! देह हलका झाला, जुनं चक्र पुन्हा फिरायला लागलं. त्यांनी आरशात तोंड पाहिलं आणि त्यांना गालही बरे दिसले. ग्रुपवर जाहीर करता येण्यासारखी ही बातमी नव्हती, एवढंच त्यांना वाईट वाटलं.

इथे वाचणाऱ्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं. पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर दिसलेलं रक्त म्हणजे परतलेलं तारुण्य नसतं. ते डॉक्टरला दाखवायचं असतं, ताबडतोब. बहुतेक वेळा साधंच काही निघतं, पण कधीकधी ती गर्भपिशवीच्या कॅन्सरची पहिली हाक असते, आणि हाक लवकर ऐकली तर बाई वाचते. हे गिरिजाबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी उष्णता असेल म्हणून थोडा सब्जा भिजवला, गुलकंद खाल्ला आणि गप्प बसल्या.

तीन-साडेतीन आठवड्यांनी पुन्हा डाग दिसला, तोही ऐन महालक्ष्म्यांच्या तोंडावर. आता मात्र गिरिजाबाईंची पंचाईत झाली. कारण या घरात पाळी आलेल्या बाईने चार दिवस बाजूला बसायचं, आणि हा नियम गिरिजाबाईंनीच डोळ्यांत तेल घालून पाळला होता. स्वतःची पाळी गेली तेव्हापासून तर जास्तच. सून तृप्ती लग्न होऊन आली त्या महिन्यापासून चार दिवस खिडकीजवळच्या सतरंजीवर. पाण्याचा पेला वेगळा. लोणच्याच्या बरणीला हात नाही, देवाजवळ सावली नाही, काही द्यायचं-घ्यायचं तर हातात नाही, खाली ठेवायचं आणि उचलायचं. तृप्ती हे सगळं मुकाट्याने करायची. तिचं मत काय आहे हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

आता सांगावं तर घरदार हसणार, या वयात म्हणून. न सांगावं तर विटाळलेल्या हाताने महालक्ष्म्यांचा नैवेद्य. गिरिजाबाई हसू झेलतील एकवेळ, पण देवीशी दगाफटका? छे. त्यांनी रात्रभर डोकं खाजवलं आणि सकाळी उठून कंबर धरली.

"लचकली गं. अजिबात वाकवत न्हाई."

झालं. महालक्ष्म्या आल्या तेव्हा मालकीणबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत. मुखवट्यांना हात तृप्तीने लावला, कोठ्या तृप्तीने भरल्या, पुरणही पहिल्यांदाच तृप्तीने घातलं. गिरिजाबाई खुर्चीतून सूचना सोडत होत्या. वेलदोडा कमी पडलाय, मला इथवर वास आला न्हाई. पडवळ एवढं बारीक चिरतात का? आंबील हलव, बुडाशी लागून राह्यली. पण उंबरा काही त्यांनी ओलांडला नाही.

दुपारी कमरबी नवा ब्लाऊज घेऊन आल्या. नेहमीसारखा हात पुढे केला.

"ठेव तिथं खाली, घेते मी," गिरिजाबाई म्हणाल्या.

कमरबी बघतच राहिल्या. "कंबर लचकली म्हणून ऐकलं. हात बी लचकले का?"

"ठेव गं कमर, सण हाय, वाद नको."

कमरबींनी ब्लाऊज स्टुलावर ठेवला. जाता जाता त्यांनी वळून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. मागे पाहुण्यांना पाणी देणाऱ्या तृप्तीनेही ते पाहिलं.

विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिजाबाई केसांवरून न्हाल्या, खुर्ची गच्चीत फेकली आणि तरातरा स्वयंपाकघरात शिरल्या. पहिलं काम, लोणच्याच्या बरणीत तेल वर आहे की नाही ते पाहणं.

तृप्ती पोळ्या लाटत होती. वर न बघता तिने विचारलं, "आई, कंबर बरी झाली का?"

"झाली की. बिलकुल बरी."

"बराबर चार दिवसांत."

"मलम चोळलं."

"अन् मलम चोळल्यावर केस धुवायचे असत्यात का?"

गिरिजाबाईंचा हात बरणीवरच थांबला. ज्या पोरीला आपण इतकी वर्षं बाजूला बसायला शिकवलं, ती आपलं बाजूला बसणं ओळखणार नाही तर कोण ओळखणार, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या लाजल्या. लाजल्या म्हणजे अगदी नव्या नवरीसारख्या. मग दार लोटून कुजबुजल्या, "कुणाला बोलू नको. परत आलीय."

"कोण आलीय?"

"अगं, पाळी! एवढी उतरले ना, त्यानं झालं. कांताबाईला तर बिलकुल सांगू नको, जळून मरंल ती."

तृप्तीला आधी हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती खदखदा हसली. आणि हसता हसता एकदम थांबली. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात ज्या बाकावर ती तासन्‌तास बसायची, त्याच्या समोरच्या भिंतीवर एक पाटी होती. नंबर लागेपर्यंत ती पाटी वाचून वाचून पाठ झाली होती. पाळी गेल्यावर रक्त जाणे, एकदाही, एक थेंबही. त्याच्या खालची ओळ तिला आत्ता आठवली.

तिने लाटणं खाली ठेवलं. "कवा दिसलं पहिल्यांदा?"

"राखीच्या आधी."

"आजच दवाखान्यात जायचं, आई."

"आज? अगं, पित्रं तोंडावर आली. ती झाली की नवरात्र. दिवाळी होऊ दे, मंग बघू सावकाश. मला काही दुखत न्हाई, खुपत न्हाई."

आणि मग, त्या घरात कधी न झालेली गोष्ट झाली. तृप्ती सासूबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लग्न होऊन आले तवापासून तुम्ही म्हणल्या तिथं बसले. आज मी म्हणते तिथं तुम्ही बसा."

"कुठं?"

"इजहारच्या रिक्षात."

इजहार म्हणजे कमरबींचा मुलगा. त्याची रिक्षा दाराशीच उभी असायची. गिरिजाबाई रिक्षात बसल्या त्या सुनेच्या धाकाने नव्हे, सून धाक दाखवू शकते याच्या धक्क्याने.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

"कालच संपली," गिरिजाबाई ऐटीत म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं, मग तृप्तीकडे पाहिलं. पुढे सगळं भराभर झालं. सोनोग्राफी झाली. पिशवीचं आतलं अस्तर जाड झालं होतं. त्याचा बारीकसा तुकडा काढून तपासणीला पाठवला. रिपोर्टला काही दिवस लागणार होते.

ते दिवस गिरिजाबाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी भीती. पित्रांची खीर झाली, वडे झाले, त्यांना घास गेला नाही. पावडर नाही, ताक-काकडी नाही, आणि तरी लुगडं सैल होत होतं. पहिल्यांदाच असं झालं की त्या उतरत होत्या आणि काट्याकडे फिरकत नव्हत्या. मच्छिंद्रराव दुकानात बसून जिन्याकडे बघायचे. एकदा त्यांनी वरती आवाज दिला, "अगं, काटा रिकामा हाय."

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला. पिशवीच्या अस्तराचा. पण अगदी सुरुवातीचा, अस्तरातच बसलेला, बाहेर कुठे न पसरलेला. डॉक्टरीणबाईंनी ते तीनदा समजावून सांगितलं, कारण पहिल्या दोन्ही वेळा गिरिजाबाईंना पहिला शब्द सोडून काही ऐकू आलं नव्हतं.

"पिशवी काढावी लागेल. पण तुम्ही वेळेवर आलात, आजी."

"मी न्हाई आले," गिरिजाबाई म्हणाल्या. "हिनं आणली."

मग त्यांनी विचारलं, "बाई, मी दरसाल उतरते अन् चढते. त्यानं झालं का हे?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "एका बाईला कशामुळे झालं ते असं बोट ठेवून कुणालाच सांगता येत नाही. तुमचा गुन्हा म्हणून मनाला लावून घेऊ नका. पण पाळी गेल्यावर अंगावरची चरबी नुसती बसून नसते. ती एक हार्मोन तयार करत राहते, आणि ते या अस्तराला वाढवतं. म्हणून वजन जास्त असलं की धोका वाढतो. आणि पुन्हा पुन्हा उतरवून पुन्हा चढवणाऱ्या वयस्क बायकांमध्ये हा आजार जास्त दिसला, असं काही अभ्यासांत आलंय. उतरवलेलं ज्यांनी टिकवलं त्यांना फायदा झालेला दिसतो. तुम्ही उतरलात ते वाईट नाही हो. पण दर वर्षी परत का चढलात?"

"उपाशी किती दिवस राहणार मी?" गिरिजाबाई कळवळून म्हणाल्या.

"तेच तर. उपाशी राहायचंच नाही."

ऑपरेशनला संभाजीनगरला नेलं. दवाखान्यात भरती करताना नर्स म्हणाली, वजन करा. गिरिजाबाई त्या छोट्या काट्यावर चढल्या. नर्सने आकडा वाचला आणि सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "लुगड्याची कडता धरा."

"काय धरू?" नर्सला कळेना.

मच्छिंद्रराव कपड्यांची पिशवी घेऊन मागे उभे होते. ते पुढे झाले, काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "धरली." आणि तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. एवढ्या वर्षांच्या संसारात गिरिजाबाईंनी हे कधी पाहिलं नव्हतं. त्यांना नवऱ्याचं फार वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढे औषध-किरण काही लागलं नाही, फक्त ठरल्या वेळी तपासणीला जायचं. गिरिजाबाई घरी आल्या आणि पावडरीचा डबा कोठीघराच्या वरच्या फळीवर गेला. आता रोज दोन भाकऱ्या, भाजी, वरण, आणि सकाळी कमरबींच्या सोबतीने मोतीबागेपर्यंत चालणं. चालण्यापेक्षा बोलणं जास्त व्हायचं, पण पाय हलायचे. वजन कसंबसं, पोतं सरकवावं तसं, थोडं थोडं खाली आलं आणि एका जागी बसलं. संक्रांत आली आणि गेली, काटा जागचा हलला नाही. मच्छिंद्ररावांनी काट्याला पुन्हा थाप मारून पाहिली.

कमरबी नवा ब्लाऊज बेतायला बसल्या. "बोल आता, माया किती ठेवू? बोटभर?"

"दोन बोटं ठेव. ईदला तुझ्या घरचा शीरखुर्मा असतोय."

आणि तृप्तीची खिडकीजवळची सतरंजी? ती एक दिवस धुऊन वाळत घातली गेली, आणि पुन्हा तिथे अंथरली गेली नाही. गिरिजाबाईंनी फक्त लोणच्याची बरणी तृप्तीच्या हाताशी येईल अशा फळीवर हलवली.

एक गोष्ट मात्र त्यांना जमली नाही. बोळात त्यांनी सांगितलं, पोटात गोळा होता, काढला. कॅन्सर हा शब्द नाही, पिशवी हा शब्द नाही, आणि डागाचं तर नावच नाही. तृप्ती म्हणायची, "सांगा की हो, चार जणींना उपयोग व्हईल." कमरबीही तेच म्हणायच्या. पण गिरिजाबाईंचं एकच, "असलं चारचौघीत बोलतात का? लोक काय म्हणतील, म्हातारीला काय झालं अन् कुठं झालं."

असं वर्ष गेलं. पुन्हा भादवा आला, माळ्यावरच्या कोठ्या खाली उतरल्या, पोटं भरली, मुखवटे चढले. संध्याकाळी हळदी-कुंकवाला बायकांची रीघ लागली. कोठ्यांपुढे बसायला जागा उरली नाही. समोरच्या दारात कमरबी खुर्ची टाकून गंमत बघत बसल्या होत्या.

कांताबाई आल्या. पण आत आल्या नाहीत. बाहेरच्या ओट्यावरच टेकल्या.

"आत या की," गिरिजाबाई आतून म्हणाल्या.

"गुडघा धरलाय गं. इथूनच नमस्कार करते."

गिरिजाबाई पुढच्या बाईला कुंकू लावायला वळल्या. कांताबाई चांगल्याच बारीक झाल्या होत्या. यंदाही त्यांनी पाडव्याला पावडर सुरू केली होती, या खेपेला एकटीनेच. तृप्ती लाडवाची वाटी घेऊन ओट्यावर गेली आणि तिने वाटी पुढे केली.

"ठेव तिथं खाली," कांताबाई म्हणाल्या. "घेते मी."

गिरिजाबाईंच्या हातातलं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. समोरच्या दारातून कमरबी उठून उभ्या राहिल्या होत्या. तृप्ती वाटी हातात धरून सासूकडे बघत होती. त्या तिघींना एकाच वेळी कळलं.

बायकांमधून वाट काढत गिरिजाबाई ओट्यावर आल्या आणि त्यांनी कांताबाईंचा हात धरला. कांताबाई एकदम अंग चोरून मागे सरल्या. "अगं, शिवू नको, शिवू नको! महालक्ष्म्या बसल्यात ना तुझ्या!"

"कवापासून?" गिरिजाबाईंनी विचारलं. हात सोडला नाही.

कांताबाई लाजल्या. ती लाज गिरिजाबाईंना पुरती ओळखीची होती. "जेठापासून," कांताबाई हळूच म्हणाल्या. "मधून मधून. अन् वजनबी कसं उतरलंय बघ. म्हणलं, या वर्षी तुला मागं टाकलं."

जेठ. म्हणजे आषाढ गेला, श्रावण गेला. तेवढे दिवस त्या दोघी रोज ओट्यावर भेटत होत्या, आणि गिरिजाबाई गोळ्याचीच गोष्ट सांगत होत्या. गिरिजाबाईंना स्वतःचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्या वळल्या आणि दुकानातल्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बायांनो, ऐका. मला मागच्या साली गोळाबिळा काही न्हवता. कॅन्सर व्हता. पिशवीचा. पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर डाग दिसला, अन् मी येडी त्याला जवानी समजले. हिनं रिक्षात घातलं म्हणून आज तुमच्यापुढं उभी हाय. कुणाला असं दिसलं असंल तर लाजू नका, माझ्यासंगं चला."

कांताबाईंचा रंग उतरला. "गिरिजा, मलाबी…?"

"सगळ्यांनाच तसलं निघत न्हाई. पण बघायचं. आज. आत्ता."

"इजहार! रिक्षा काढ, जल्दी!" समोरून कमरबी ओरडल्या.

"अगं पण सण," कुणीतरी म्हातारी आतून म्हणाली. "महालक्ष्म्यांचा उद्याचा नैवेद्य…"

"तृप्ती हाय की," पायात चपला सरकवत गिरिजाबाई म्हणाल्या. "तिचं पुरण माझ्यापेक्षा बरं व्हतंय."

तृप्तीने ते ऐकलं, आणि वाटीतला लाडू कांताबाईंच्या हातात दिला. हातात.

रिक्षा बोळातून निघाली. कांताबाई लाडू मुठीत धरून बसल्या होत्या. रिक्षा मोंढ्याच्या कोपऱ्यावर वळली. मग त्यांनी विचारलं, "तिथं वजन करतात का गं?"

"करतात."

"लुगड्याची कडता धरतात?"

"न्हाई धरत," गिरिजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कांताबाईंचा हात आणखी घट्ट धरला. "पण मी सांगते त्यांना धरायला."